तीन दरपत्रके आणि एकच शब्द : व्यवसायासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता कोणती आणि कशासाठी

गेल्या बेदाणा हंगामाच्या अखेरीस सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत व्यापाऱ्यांनी मला पेढीवर बोलावून घेतले आणि गादीवर तीन दरपत्रके पसरली. पहिले बेदाणा निवडण्याच्या यंत्राचे होते, दुसरे थकलेल्या उधारीची आठवण करून देणाऱ्या संदेशप्रणालीचे होते आणि तिसरे गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तरे देणाऱ्या सेवेचे होते. तिन्हींच्या मथळ्यावर 'एआय' ही अक्षरे ठळक छापलेली होती. "सर, ह्यातलं खरं एआय कुठलं, आणि आपल्या कामाचं कुठलं?" असे त्यांनी विचारले. या भागातील व्यापाऱ्यांच्या आणि छोट्या कारखानदारांच्या हिशेबाच्या संगणकप्रणाली सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्याने हा प्रश्न मला अलीकडे आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्यात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्दप्रयोग जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये लिहिलेल्या एका प्रस्तावातून रूढ झाला. त्या प्रस्तावानुसार १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात संशोधकांची बैठक झाली आणि या विषयाला स्वतंत्र शाखा म्हणून ओळख मिळाली. तेव्हापासून, माणसाने केले तर ज्याला आपण डोके चालवणे म्हणू असे कोणतेही काम यंत्राकडून करून घेण्याच्या सगळ्या खटपटींना हे एकच नाव लागत आले. 'वाहन' या शब्दात ट्रॅक्टरही येतो आणि लुनाही येते, त्यातलाच हा प्रकार आहे. 'वाहन घ्यायचे आहे' एवढेच ठरवून कोणी दुकानात जात नाही. ऊस ओढायचा आहे की मुलाला कॉलेजात पाठवायचे आहे, हे आधी ठरते. माणसासारखी कोणत्याही विषयात चालणारी सर्वसाधारण बुद्धी असलेले यंत्र तुम्हाला विकायला कोणी आले, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे, कारण तसे यंत्र अजून बाजारात नाही.

दुसऱ्या दरपत्रकापासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत सोपे होते. उधारीला ठरावीक दिवस उलटले की संदेश जावा, आणखी काही दिवस गेले की जरा कडक संदेश जावा आणि रक्कम जमा झाली की संदेश थांबावेत, एवढेच त्या प्रणालीचे काम होते. याला नियमांवर चालणारी प्रणाली म्हणतात. माणसाने नियम लिहून द्यायचे आणि यंत्राने ते न कंटाळता पाळायचे. एके काळी हीच कृत्रिम बुद्धिमत्तेची मुख्य वाट होती. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली 'मायसिन' ही प्रणाली तज्ज्ञ डॉक्टरांना विचारून लिहिलेल्या शेकडो नियमांच्या आधारे रक्तातील जंतुसंसर्गावर प्रतिजैविके सुचवत असे. १९९७ मध्ये बुद्धिबळात गॅरी कास्पारोव्हला हरवणारा 'डीप ब्लू' हा संगणकदेखील उदाहरणे पाहून आपोआप शहाणा झालेला नव्हता. माणसांनी ठरवून दिलेल्या निकषांवर प्रचंड संख्येने चाली तपासून पाहणे हे त्याचे बळ होते.

आज या प्रकाराला एआय म्हणावे का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला एआयची किंमत द्यावी का, हा प्रश्न मात्र जरूर विचारावा. ज्या कामाचा नियम कागदावर लिहिता येतो, त्या कामाला शिकणारे यंत्र लागत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना द्यायची देणी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकती करावी लागतात, हा २००६ च्या कायद्यातला नियम आहे. ती मुदत जवळ आली की हिशेबनिसाला इशारा देणे हे साध्या प्रणालीचे काम आहे आणि ती ते अचूक करते. तिथे 'शिकलेले' यंत्र आणले, तर ते बहुतेक वेळा बरोबर आणि कधीतरी चुकीचे सांगेल, म्हणजे जास्त पैसे देऊन कमी खात्री विकत घेतल्यासारखे होईल.

नियम लिहिता येत नाही, पण माणसाला पाहताक्षणी कळते, अशी कामे वेगळी असतात आणि पहिले दरपत्रक त्या जातीचे होते. बेदाण्याच्या शेडमध्ये निवड करणाऱ्या बाईचे काम थोडा वेळ जवळून पाहावे. ती मूठभर बेदाणा ताटात पसरते आणि त्यावरून तळहात फिरवते. काडी डोळ्यांना दिसण्याआधी तिच्या बोटांना लागलेली असते. काळपट मणी, डागी मणी, चिकटलेली जोडी, खडा हे सारे ती बोलता बोलता बाजूला काढते. तिला विचारले की "तुम्ही हे ओळखता कसे?" तर ती हसते. तिच्याकडे नियम नाही, उदाहरणांचा साठा आहे.

निवडीचे जुने यंत्र या कामाला नियमाने भिडत असे. उतरत्या घसरगुंडीवरून मणी सुटे होऊन खाली येतात, कॅमेरा त्यांचा रंग टिपतो, रंग ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला की दाबाखालच्या हवेचा झोत तो मणी नेमका बाजूला उडवतो. पांढऱ्या तांदळातला काळा खडा अशा यंत्राला सहज सापडतो. हिरव्या बेदाण्यातली हिरवट काडी मात्र त्याला सापडत नाही, कारण दोघांचा रंग जवळजवळ सारखाच असतो. नव्या यंत्रांना रंगाची मर्यादा सांगून न थांबता चांगल्या आणि वाईट मण्यांची हजारो छायाचित्रे, प्रत्येकावर माणसाने केलेल्या खुणेसह, दाखवली जातात. त्यांतून आकार, कड, सुरकुती, चकाकी यांची सरमिसळ करून फरक कसा ओळखायचा, हे यंत्र स्वतः बसवून घेते. याला यंत्र-शिक्षण म्हणतात, आणि उत्तरांसह दिलेल्या उदाहरणांवरून शिकण्याला देखरेखीखालचे शिक्षण. मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून कल्पना घेतलेली अनेक थरांची गणिती जाळी त्यासाठी वापरतात. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केवर आणि जेफ्री हिंटन यांनी अशाच जाळ्याच्या जोरावर छायाचित्रे ओळखण्याची 'इमेजनेट' स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली आणि तेव्हापासून यंत्राच्या डोळ्यावर उद्योगांचा विश्वास बसू लागला.

म्हणून असे यंत्र घेताना त्याने कोणाचा माल पाहून शिक्षण घेतले आहे, हे विचारावे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, ते काही उगाच नाही. इथला माल, इथली वाळवण्याची पद्धत आणि इथल्या खरेदीदाराची पसंती यांचा एक स्वतंत्र मेळ आहे. दुसऱ्या देशातल्या काळ्या मनुक्यांवर शिकलेले यंत्र आपल्या हिरव्या मालाला कदाचित चांगले म्हणेल, कदाचित सगळाच बाजूला उडवेल. आपला पन्नास-शंभर किलो माल घेऊन विक्रेत्याच्या यंत्रावर चालवून पाहणे आणि बाजूला पडलेला माल त्या ताटावरच्या बाईकडून पुन्हा तपासून घेणे, याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

विक्रेते 'अठ्ठ्याण्णव टक्के अचूकता' असे सांगतात, त्या आकड्याबद्दल इथे थोडे थांबून बोलणे गरजेचे आहे, कारण शिकलेला माणूसही तिथे फसतो. समजा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत १,००० कास्टिंग (साच्यात ओतलेले धातूचे भाग) तयार झाली आणि त्यांतली २० सदोष आहेत. आता एक यंत्र असे आणले की ते काहीही न पाहता प्रत्येक कास्टिंगला 'चांगले' म्हणते. ते ९८० वेळा बरोबर आणि २० वेळा चूक ठरेल, म्हणजे त्याची अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के झाली, आणि सदोष माल मात्र त्याने एकही पकडला नाही. म्हणून दोन आकडे वेगवेगळे मागावेत. एक, खरोखर सदोष असलेल्या २० पैकी किती पकडले. आणि दोन, यंत्राने जेवढ्यांवर बोट ठेवले त्यांतली खरोखर सदोष किती निघाली. पहिला आकडा कमी असेल तर पोकळी असलेले कास्टिंग गिऱ्हाइकाकडे पोहोचते आणि अख्खा लॉट परत येतो. दुसरा कमी असेल तर चांगला माल भंगारात जाऊन पुन्हा भट्टीत वितळतो. दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते, आणि कोणती चूक किती महाग आहे हे विक्रेत्यापेक्षा कारखानदाराला जास्त कळते. एका आकड्याला खाली ओढल्याशिवाय दुसरा बहुधा वर जात नाही, तेव्हा काटा कुठे लावायचा हे कारखानदारानेच सांगायचे असते.

उदाहरणांवरून शिकण्याचा दुसरा मोठा उपयोग अंदाज बांधण्याचा आहे. तासगाव भागातल्या एखाद्या कृषी सेवा केंद्राचा मालक ऑक्टोबर छाटणीच्या आधी बुरशीनाशकांचा साठा भरतो, तेव्हा मागच्या वर्षांची विक्री, पावसाचा रंग, कोणत्या गावात छाटण्या कधी होणार, डाऊनी (द्राक्षवेलीवरचा बुरशीजन्य रोग) येण्याची शक्यता किती, हे सारे तो डोक्यात जुळवतो. हीच जुळवणी आकडे देऊन यंत्राकडून करून घेता येते आणि काही वर्षांची नीट नोंद असेल तर उत्तर बरे येते. शेतातही हाच मार्ग आहे : बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने उपग्रहाची छायाचित्रे, हवामान आणि जमिनीतील संवेदकांच्या नोंदी एकत्र करून उसाला पाणी आणि खत कधी द्यावे, हे सुचवणारा प्रयोग केला आहे. मात्र अशा यंत्राला जग कालच्यासारखेच राहणार असे वाटत असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने दुकाने पाण्याखाली होती, २०२० मध्ये टाळेबंदीने ती बंद होती. हे महिने नोंदीत तसेच ठेवले, तर यंत्र त्यांतूनही काहीतरी धडा घेते आणि तो बहुधा चुकीचा असतो. जुना दिवाणजी असे महिने 'पुराचे' म्हणून बाजूला ठेवतो. यंत्राला ते सांगावे लागते. आणि हळदीचा पुढल्या महिन्याचा भाव सांगतो असे म्हणणाऱ्या प्रणालीबद्दल माझे मत विचाराल, तर तिला खरोखर तो ठाऊक असता तर ती विकायला काढली नसती.

कधीकधी उत्तरांच्या खुणा नसतातच. दोन हजार गिऱ्हाइकांची खतावणी यंत्रापुढे टाकली, तर खरेदीची वेळ, रक्कम आणि फेडीची सवय पाहून ते स्वतःच त्यांचे गट पाडते. हंगामाला एकदाच येऊन रोखीने नेणारे एका बाजूला, दर आठवड्याला थोडे थोडे उधार नेणारे दुसऱ्या बाजूला. गटांना नावे माणसाने द्यायची. याच पद्धतीने नेहमीपेक्षा वेगळे काय घडते आहे तेही हेरता येते, आणि बँका कार्डांवरचे संशयास्पद व्यवहार पकडायला किंवा कारखाने मोटारीचे बेअरिंग निकामी होण्याआधी तिच्या थरथरीतला बदल टिपायला ती वापरतात. बक्षीस आणि दंड यांवरून शिकणारा आणखी एक प्रकार आहे. २०१६ मध्ये 'गो' या खेळात ली सेडोलला ४-१ असे हरवणाऱ्या 'अल्फागो'ने त्याचा मोठा आधार घेतला होता. मार्केट यार्डातल्या पेढीला त्याची तूर्त गरज नाही.

आता तिसरे दरपत्रक. आज 'एआय' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे येते, ते हेच : लिहिणारे, बोलणारे, चित्र काढणारे यंत्र. याला निर्मितीक्षम प्रणाली म्हणतात. गूगलमधील संशोधकांनी २०१७ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली, त्या रचनेवर प्रचंड मजकूर वाचवून भाषेची प्रारूपे (मॉडेल) घडवली गेली आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाल्यावर ती घराघरांत पोहोचली. या प्रणालीच्या मुळाशी असलेले काम ऐकायला साधे आहे : आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढचा तुकडा कोणता येणे संभवते, हे ठरवायचे, तो जोडायचा आणि पुन्हा तेच करायचे. एवढ्यातून पत्रे, सारांश, भाषांतरे आणि संगणकाच्या आज्ञावल्याही तयार होतात, हे खरोखर थक्क करणारे आहे. परंतु 'संभवते' आणि 'खरे आहे' या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि व्यापाऱ्याचे नुकसान नेमके त्या फटीत होते.

माझीच चूक सांगतो. एका शेतकऱ्याच्या पट्टीसंबंधी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीच्या हिशेबासंबंधी, खुलासा लिहायचा होता आणि घाई होती, म्हणून बेदाण्यावरील जीएसटीबद्दलचा परिच्छेद मी अशा एका प्रणालीकडून लिहून घेतला. भाषा इतकी ठाम आणि नीटनेटकी होती की मी तो तसाच पुढे पाठवला. त्यात बेदाण्यावर सरसकट कर दाखवला होता. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही, हा खुलासा जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये केला होता. तो त्या उत्तरात कुठेच नव्हता. पेढीवरच्या दिवाणजींनी तो कागद वाचून नुसते माझ्याकडे पाहिले. विकणारा कोण, हा भेद त्यांना पाठ होता आणि मला विचारायला सुचला नव्हता.

मोठ्यांचेही असेच झाले आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील वकिलांनी अशा प्रणालीने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. २०२२ मध्ये कॅनडात एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील उत्तरयंत्राने एका प्रवाशाला भाड्याच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. 'त्या उत्तराला आम्ही जबाबदार नाही' हा कंपनीचा बचाव तिथल्या न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये मानला नाही आणि तिला भरपाई द्यावी लागली. आपल्या पेढीच्या नावाने व्हॉट्सॲपवर गेलेला भाव गिऱ्हाईक पेढीचा शब्द म्हणूनच धरणार. शब्दावर चालणाऱ्या बाजारात ही जोखीम लहान नाही.

यावर तोडगा नाही असे नाही. उत्तर देण्यापूर्वी प्रणालीने आपलीच भावसूची, आपलेच साठ्याचे पुस्तक उघडून पाहावे आणि त्यात नसेल ते 'विचारून सांगतो' म्हणावे, अशी बांधणी करता येते. तिने चुका कमी होतात, संपत नाहीत. तोवर, ज्या कामात माणूस पुढे जाण्याआधी कागद वाचणारच आहे, तिथे ही प्रणाली उत्तम मदतनीस ठरते : दुबईच्या खरेदीदाराला इंग्रजीतून पत्राचा मसुदा, तमिळनाडूतल्या व्यापाऱ्याच्या पत्राचे भाषांतर, चाळीस पानी निविदेतील अटींचा सारांश. आवाजावरून मजकूर करण्याची सोयही आता बऱ्यापैकी मराठीत चालते आणि भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारचा 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ पासून सुरू आहे. तरी आपल्याकडच्या शेतकऱ्याने मोटारसायकलवरून पाठवलेला आवाजी संदेश, त्यातले 'आलतो', 'गेलतो' आणि मागचा वारा, हे सगळे यंत्राला नीट उमगेल अशी अपेक्षा इतक्यात ठेवू नये. पैशाच्या बाजूनेही एक बाब लक्षात असू द्यावी : या सेवांचे मोल मजकुराच्या तुकड्यांवर आकारले जाते आणि अनेक प्रारूपे देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पाडतात, त्यामुळे तेवढाच आशय मराठीत महाग पडू शकतो.

याच जातीतून अलीकडे 'एजंट' म्हणवणाऱ्या प्रणाली आल्या आहेत, ज्या उत्तर देऊन थांबत नाहीत, तर पुढचे कामही उरकतात : ई-मेल पाठवतात, ऑर्डर नोंदवतात, पैसे देण्याची तयारी करतात. नव्या मुनीमाला पहिल्या दिवशी तिजोरीची किल्ली कोणी देत नाही. त्याला आधी वाचू द्यावे, मग लिहू द्यावे आणि सही आपण करावी. शेतकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि भ्रमणध्वनी असलेल्या पट्ट्या तर फुकटच्या कोणत्याही सेवेत टाकूच नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि सुरक्षेतील हयगयीसाठी त्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे.

शेठजींना मी हे सारे एका बैठकीत सांगितले नाही. दोन-तीन चहा लागले. संदेशप्रणालीचे काम त्यांच्या सध्याच्या हिशेबाच्या प्रणालीतच होण्यासारखे होते, ते मी त्याच आठवड्यात बसवून दिले. व्हॉट्सॲपवरील उत्तरयंत्र 'पेढी किती वाजता उघडते' आणि 'सौदा कोणत्या वारी' एवढ्यापुरतेच ठेवायचे आणि भावाच्या प्रश्नाला थेट माणसाचा नंबर द्यायचा, असे ठरले. निवडीच्या यंत्रासाठी त्यांना किती माल कोणत्या प्रतीचा येतो, हे पाहायला मी मागच्या पाच वर्षांच्या वह्या काढायला सांगितल्या. वह्या होत्या, वजन होते, दर होता, तारीख होती. प्रतीच्या रकान्यात मात्र पानोपानी एकच शब्द होता : 'बरा'. आता प्रत्येक लॉटचा नमुना ताटात घेऊन त्यातल्या काड्या, काळे मणी आणि डागी मणी मोजून लिहिण्याचे काम दिवाणजींकडे दिले आहे, आणि यंत्राचे दरपत्रक त्याच वहीत घडी घालून ठेवले आहे.